शेवटचा पोचा पहिला

आषाढातली सकाळ होती, पाऊस भुरभुरत होता. आमच्या गल्लीच्या चढावर उभ्या असलेल्या भाजीच्या टेम्पोचा हँडब्रेक सुटला आणि तो उलटा घरंगळत येऊन आमच्या फियाटच्या नाकावर बसला. वेग म्हणाल तर माणूस चालतो तेवढा. आवाज मात्र स्वयंपाकघरापर्यंत आला. ओलं पोतं आपटावं तसा आधी, आणि त्याच्या पाठोपाठ काच फुटल्याचा.

मी धावत खाली गेले. टेम्पोच्या फाळक्याचा लोखंडी कोपरा डाव्या दिव्याच्या बाजूला घुसला होता. बंपरचं डावं टोक आत गेलं होतं, दिव्याची काच रस्त्यावर आणि तिची क्रोमची कडी वाकडी होऊन लोंबकळत होती. दिव्यामागे मडगार्डावर वीतभर लांबीची एक घडी पडली होती, इस्त्रीच्या कपड्याला पडावी तशी धारदार. बोनेटची डावी कड बोटभर वर उचललेली. आणि खालून पाण्याची बारीक धार रस्त्याच्या उताराला लागलेली. टेम्पोवाला पोरगा वीस-बावीस वर्षांचा. तो हात जोडून उभा होता आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्याला वर नेऊन चहा दिला, कारण माझ्याही तोंडून फुटत नव्हता.

गाडी १९६८ची. फियाट ११०० डी, त्या काळात ‘डिलाइट’ नावाने विकली गेलेली. आजोबांनी नंबर लावून, कितीतरी वर्षं थांबून घेतलेली. बाबा तिच्यावर गाडी शिकले, मी तिच्यावर शिकले. स्टिअरिंगखालच्या दांड्यानं गिअर टाकायची सवय माझ्या डाव्या हाताला अजून आहे. ती आमच्याकडे शोभेला कधीच नव्हती. मंडईला जाते, सासवडला जाते, बाबांना दवाखान्यात नेते.

पहिल्या दोन दिवसांत मला दोन सल्ले मिळाले. एका मोठ्या वर्कशॉपमधल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, घडीच्या आजूबाजूचा पत्रा आतून ठोकून बाहेर काढू, राहील तो खड्डा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरू, वर रंग मारू. गाडी दोन दिवसांत घेऊन जा. दुसरा सल्ला बाबांच्या एका जुन्या मित्राचा. ते म्हणाले, खराब झालेला भाग कापून दुसऱ्या फियाटचा चांगला तुकडा जोडून घे. मला हा दुसरा सल्ला पटला. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले, भंगाराच्या ढिगात तासभर शोधलं आणि डाव्या मडगार्डाचा पुढचा भाग मिळवला. गॅसने कापलेला, कडा काळ्या पडलेल्या, पण दिव्याचं भोक आणि त्यामागचा फुगीर गाल अगदी शाबूत. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून एखादा दागिना आणावा तसा घरी आणला.

तो तुकडा मिळाला याचं मला इतकं अप्रूप का वाटलं, ते सांगायला हवं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवातीला तिथे क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. पन्नासच्या दशकात फियाटशी करार झाला आणि दांते जियाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली, १९५३ साली इटलीत आलेली ही ११०० जातीची गाडी कुर्ल्याला बनू लागली. इटलीत तिची सद्दी साठच्या दशकाबरोबर संपली. आपल्याकडे तीच गाडी, तेच १०८९ सीसीचं इंजिन, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विसावं शतक संपेपर्यंत निघत राहिली. कारखाना बंद झाल्यावरही सुट्या भागांची चणचण लगेच जाणवली नाही, कारण मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या. त्यांच्यासाठी कोणी ना कोणी माल बनवत होतं, आणि मोडीत निघालेली प्रत्येक टॅक्सी आणखी दोन गाड्यांना जगवत होती. मग टॅक्सीला आधी पंचवीस आणि नंतर वीस वर्षांची मर्यादा आली. ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ला झाली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून ती जात संपली. त्या बातमीवर लोकांनी फार हळवं लिहिलं. माझ्यासारख्यांच्या दृष्टीने तिचा व्यवहारी अर्थ एवढाच होता की झरा आटला.

नाना पेठेच्या मागच्या बाजूला, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या रांगा संपतात तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये मामांचं काम चालतं. सगळी पेठ त्यांना मामा म्हणते, मीही तेच म्हणते. वय सत्तरीकडे झुकलेलं. फियाट टो करून नेली तेव्हा मी आधी माझा तुकडा उलगडून दाखवला. मामांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, अंगठ्याने गाल चाचपला.

“चांगलाय. ठेवा तिकडं, खिळ्याला. लागला तर बघू.”

“लागणारच ना मामा?”

“अजून गाडी कुठं बघितलीय, ताई.”

मग त्यांनी गाडी बघितली. अर्धा तास. एका बुटक्या स्टुलावर बसून, कशालाही हात न लावता. स्टूल पुढे सरकवत त्यांनी डावीकडून उजवीकडे अर्धं वर्तुळ पुरं केलं. मग खडू घेतला आणि पत्र्यावर रेघा मारल्या. मला फक्त घडी दिसत होती. मामांनी घडीच्या मागे हातभर अंतरावर, चाकाच्या कमानीवर एक पसरट फुगवटा दाखवला, जो मी तीन दिवस पाहूनही पाहिला नव्हता. बोनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट त्यांनी नाणं सरकवून तपासली. उजवीकडे ते सगळीकडे सारखं सरकत होतं, डावीकडे मधेच अडलं. दरवाजाची फट मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. ती पाहून ते पहिल्यांदा हसले.

“मार आत गेला नाही. कमानीपाशी थांबला.”

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून सगळी काया बनलेली, आणि इंजिन, पुढची स्प्रिंग, स्टिअरिंग सगळं त्या कायेलाच टांगलेलं. म्हणून नाकावर बसलेला धक्का कुठपर्यंत पोचला हे कळल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. मामांनी ते मोजलं तेही गवंड्याच्या ओळंब्याने. गाडीखालच्या ठरावीक बोल्टांपासून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूची फुली करायची, मग गाडी मागे ढकलून फुल्यांमधलं तिरकं माप दोरीने घ्यायचं. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे माप सारखं भरलं तर चौकट काटकोनात. आमच्या गाडीत दोन तिरक्या मापांत एका सुताचा फरक निघाला. मामा म्हणाले, एवढा तर कुर्ल्याहून निघतानाच असेल.

मग त्यांनी मला सगळा अपघात उलटा सांगितला. “मार बसला तेव्हा आधी बंपर गेला. मग दिव्याची कडा. मग ही घडी पडली. घडीनं मागं रेटलं म्हणून कमानीवर फुगा आला, आणि सगळ्यात शेवटी बोनेट उचललं. आपण काय करायचं? शेवटचं पहिल्यांदा. शेवटचा पोचा पहिला, पहिला पोचा शेवटी. गाठ सोडवताना कसं करता?”

या एका वाक्यावर हे सगळं काम उभं आहे, असं मला पुढच्या तीन महिन्यांत कळत गेलं. अडाणी हात सगळ्यात खोल जागा शोधतो आणि आतून तिथेच दणका घालतो. खोल जागा बाहेर येते खरी, पण भोवतीची कड तशीच अडून बसते आणि मधला पत्रा ताणला जातो. धातूचा स्वभाव समजून घेतला की हे पटतं. लोखंडी तार एकदा वाकवा आणि पुन्हा सरळ करून बघा. जिथे वाकली होती तिथे ती सरळ होत नाही, शेजारी वाकते, कारण वाकलेली जागा कडक झालेली असते. मडगार्डावरची घडी अशीच कडक झालेली. तिच्या भोवतीचा फुगवटा मात्र मुळात वाकलेला नाहीच. तो लवचीक पत्रा घडीने दाबून धरलेला आहे. घडीची पकड सैल झाली की तो आपल्या जागी जायला उत्सुकच असतो. खराब दिसणाऱ्या पत्र्यातला खरा खराब भाग थोडाच असतो, आणि तो कोणता हे ओळखणं म्हणजे अर्धं काम.

तुकडा कापून जोडायचा माझा बेत तिथेच बारगळला. त्याला आणखी एक कारण होतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मी तो नंबर घेतलेला नाही, घेणारही नाही. तो घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, देखभाल अशा ठरावीक कामांपुरतीच बाहेर काढता येते, आणि मला मंडईला जायचं असतं. पण त्या नियमामागची भावना मला मान्य आहे. कुर्ल्याच्या प्रेसमधून निघालेला पत्रा गाडीवर राहू शकत असेल तर तो राहिला पाहिजे.

मामांनी आधी पुढचा भाग मोकळा केला. बंपर, दिवा, जाळी, रेडिएटर. बोल्ट न बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर खडूने खूण. रेडिएटर मी रिक्षात मांडीवर घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने तोंडं बंद करून त्यात हवा भरली आणि तो पाण्याच्या हौदात बुडवला. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ वर आली. तांब्याची जाळी आणि पितळेची टाकी असलेला जुना रेडिएटर डाग देऊन पुन्हा उभा राहतो, तासाभरात. हल्लीच्या प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला तडा गेला की बहुधा नवाच घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी ओढकाम. गाडीची मागची बाजू शेडच्या खांबाला बांधली, पुढे दिव्याच्या भोकाच्या कडेला एक जाड पट्टी चिमटवून तिला साखळी लावली आणि चेन-ब्लॉक हळूहळू ताणला. मला वाटलं होतं, ओढतील आणि पत्रा बाहेर येईल. तसं झालं नाही. साखळी ताठ झाल्यावर मामा थांबले. ताण तसाच ठेवून त्यांनी लाकडी हातोड्याने घडीच्या टोकाशी, अगदी कमानीजवळ, ठक-ठक सुरू केली. जोर इतका कमी की दारावर टकटक करावी. चौथ्या की पाचव्या ठोक्याला कमानीवरचा फुगवटा ‘टप्प’ असा आवाज करून बसला. त्याला कोणी हातही लावला नव्हता. बोनेटची उचललेली कड त्याबरोबर अर्धी खाली आली. शेडमधला पोरगा माझ्याकडे बघून हसला. त्याने हे शंभरदा पाहिलं असेल, तरी हसला.

साखळी अर्धा दात पुढे, पुन्हा थांबा, पुन्हा ठोके. घडीच्या शेपटीकडून तोंडाकडे असं ते सरकत गेले. दुपारी अडीचपर्यंत घडीची धार गेली होती, उरली होती एक बुजलेली जखम.

पुढचं काम हातोडी आणि डॉलीचं. डॉली म्हणजे मुठीत मावणारा, वेगवेगळ्या गोलाईचा लोखंडी ठोकळा, पत्र्याच्या मागून धरायची ऐरणच. मामांची आवडती डॉली रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यापासून घडवलेली आहे आणि तिचा एक गाल इतका गुळगुळीत आहे की त्यात ट्यूबलाइट दिसते. हातोडी बरोबर डॉलीवर पडली तर मधला पत्रा चेपला जातो, पातळ होतो, पसरतो. हे शक्य तितकं कमी करायचं. म्हणून डॉली खोलगट जागेमागे दाबून धरायची आणि हातोडी तिच्या शेजारच्या उंचवट्यावर मारायची. एका ठोक्यात उंच जागा खाली जाते आणि खोल जागा वर येते, पत्रा पसरत नाही. मी कान देऊन बसले होते. डॉलीवर पडलेला ठोका घंटेसारखा वाजतो, शेजारी पडलेला बोदा. मामांच्या कामात बहुतेक ठोके बोदे होते.

मधूनमधून ते हातोडी खाली ठेवून तळहात फिरवत. बोटांची टोकं नाहीत, पूर्ण तळवा, लांब, मनगटापासून खांद्यापर्यंत हात हलवत, मध्ये एक मलमलीचं फडकं. फडक्यामुळे हात घसरतो आणि खाच-उंचवटा मोठा होऊन जाणवतो. त्यांनी मला करायला लावलं. पहिल्यांदा मला सगळंच सपाट वाटलं. त्यांनी माझा हात उजव्या मडगार्डावर नेऊन दहा वेळा फिरवला, मग डावीकडे. तेव्हा दिव्यामागे चार बोटांवर कुठेतरी पत्रा ‘दमला’ असल्यासारखं लागलं. दाबलं की आत जायचा, सोडलं की बाहेर, तेलाच्या डब्याचा तळ वाजतो तसा.

“पसरलाय,” मामा म्हणाले. “आता आवळायचा.”

गॅसच्या बारीक ज्योतीने त्यांनी तिथे रुपयाएवढा ठिपका तापवला. आधी निळसर, मग मातकट, मग लाल. तापलेलं लोखंड पसरू पाहतं, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून ते जागच्या जागी दाटतं. ठिपक्याभोवती चार हलके ठोके, आणि वर ओलं फडकं. चर्रर्र. थंड होताना ती जागा आकसते आणि आसपासचा ढिला पत्रा आपल्याकडे ओढून घेते. तीन ठिपके दिल्यावर डबा वाजायचा बंद झाला. असा पत्रा साधारण वीस गेजचा, एक मिलिमीटरला थोडा कमी. त्या जाडीत तापवणं, दाटवणं, घासणं सगळं निभवायचं. चौथा ठिपका दिला असता तर पत्रा उलटा आखडला असता, असं मामांनी नंतर सांगितलं. तिसऱ्यावर थांबायचं हे त्यांना कसं कळलं, ते त्यांना सांगता आलं नाही आणि मी फार खोदून विचारलंही नाही.

पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. म्हणून रोज संध्याकाळी जेवढं झालं तेवढ्यावर प्रायमरचा हात. सकाळी पुन्हा घासून उघडं. हे काम मी अंगावर घेतलं आणि महिनाभर माझ्या नखांतून राखाडी रंग गेला नाही.

लांबीबद्दल मला स्वच्छ बोलायचं आहे, कारण तिच्यामुळे जुन्या गाड्यांचं फार नुकसान झालं आहे. पत्र्याची बारीक ओरखडेवजा असमानता भरायला लांबी हवीच. मामांच्या वडिलांच्या काळात त्या जागी शिसं-कथील वितळवून लाकडी थापीने पसरत आणि त्याचा विषारी धूर पोटात घेत. आजची हार्डनर घातलेली लांबी त्या मानाने निर्धोक आहे. पण अंगठा बुडेल असा खड्डा लांबीने भरणं म्हणजे मोडलेल्या हाडावर मलमपट्टी. रस्त्याच्या हादऱ्याने ती चिरते, चिरेतून पाणी शिरतं, आणि वरून चकचकीत दिसणारा पत्रा आतून सडत जातो. जुनी गाडी विकत घेणारा जाणकार म्हणून खिशात चुंबक ठेवतो. तो जिथे चिकटत नाही तिथे लोखंड बरंच खाली आहे. मामांनी आमच्या गाडीला लांबी लावली ती पोस्टकार्डाच्या जाडीची, तीही बहुतेक पाणीपेपरने घासून टाकली. काळ्या रंगाचा पातळ फवारा धुरळायचा आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासायचं. जिथे काळं राहतं तिथे खोल, जिथे आधी उडतं तिथे उंच.

बंपर मुलाम्यासाठी भोसरीला गेला. वाकलेला बंपर सरळ करताना क्रोम तडकतो, ते टळत नाही. मग जुना मुलामा पूर्ण उतरवायचा, पत्रा घासून आरशासारखा करायचा, आणि तांबं, निकेल, शेवटी क्रोम असे थर चढवायचे. क्रोमचा थर अतिशय पातळ. आपण ज्याला क्रोमची झळाळी म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलची आणि त्याहून खालच्या घासकामाची असते.

रंगाला मामांनी भाद्रपद संपेपर्यंत हातच लावला नाही. आमच्या गाडीवर जुन्या पद्धतीचा ड्यूको आहे, आणि हवेत ओल असताना तो मारला की सुकताना पांढरट धूर धरतो. मी दर आठवड्याला फोन करायची, ते दर आठवड्याला “आभाळ बघा की ताई” म्हणायचे. रंग जुळवायला त्यांनी बाहेरचा पत्रा घेतला नाही. पन्नासहून जास्त वर्षांच्या उन्हाने तो उतरलेला. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, रबराखाली, १९६८चा निळा जसाच्या तसा होता. आधी तो निळा बनवला आणि मग त्यात थेंबाथेंबाने राखाडी मिसळत उजव्या मडगार्डाच्या वयाला आणला. पूर्ण गाडी रंगवून नवी करा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. माझ्या मते तो अपमान झाला असता, न दुखावलेल्या पत्र्याचाही.

खंडेनवमीला शेडमध्ये हातोड्या, डॉल्या, गॅसची नळी, कंप्रेसर सगळं धुऊन एका पाटावर मांडलं होतं. रुळाच्या तुकड्याला हळदीकुंकू आणि झेंडू. दसऱ्याला बाबा स्वतः गाडी घ्यायला आले. त्यांनी बोनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग आतून वाकून दिव्यामागे हात घातला. बाहेरून काही कळत नव्हतं, पण आत मामांनी ठोक्यांच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या, वर नुसता रंग. “पुढच्या मिस्त्रीला कळलं पाहिजे, इथं काय झालं होतं,” असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीच्या आधी पैशाचा शेवटचा हिशेब करायला गेले तेव्हा शेडमध्ये दुसरी फियाट उभी होती, दुधी रंगाची, दिव्याखाली तळहाताएवढं गंजाचं भोक पडलेली. मामांनी खिळ्याकडे बोट केलं.

“ताई, तो तुमचा तुकडा. देता का?”

मी हो म्हटलं. त्यांनी तो खाली काढला, भोकावर धरलेला पुठ्ठ्याचा नमुना त्याच्या गालावर ठेवला, थोडा फिरवला, गोलाई जुळेपर्यंत. मग खडूने रेघ मारली आणि पत्र्याच्या कात्रीने तेवढाच भाग कापला. उरलेला पुन्हा खिळ्याला लावला.